हरिकेन इंजिनाची जीप : प्रकल्प नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

गगनबावडा रस्त्यावरून आत गेलं की एका वाडीत जुनी पेट्रोल जीप उभी आहे, असं दिवाळीत कळलं होतं. आज बघून आलो आणि येताना विसारही देऊन आलो. महिंद्राची सीजे-३बी, आरसी बुकावर साल १९६८. मूळ मालक वारले. गाडी थोरल्या मुलाच्या ताब्यात, वैरणीच्या शेडमध्ये. चारही टायर बसलेले, ताडपत्रीच्या हुडाच्या चिंध्या झालेल्या, पण गाडी अख्खी आहे. अख्खी म्हणजे कोणी पाटा काढून ट्रॉलीला लावलेला नाही, डायनॅमो भंगारात गेलेला नाही, मीटरचं पॅनेल जागेवर आहे. जुनी गाडी घेताना मी रंगाकडे बघत नाही, काय काय गायब आहे ते बघतो. गंज काढता येतो, हरवलेली वस्तू शोधण्यात वर्ष जातं.

सगळ्यात आधी वायर ब्रशने चॅसिसचा नंबर घासून आरसीशी ताडला. मग इंजिनाचा. दोन्ही जुळले. इथे एक आकडाही इकडचा तिकडे असता किंवा नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंगची खूण दिसली असती, तर चहा पिऊन परत आलो असतो. गाडी कितीही देखणी असो, नंबर बिघडला की ती कायमची अंगणातच राहते.

मग बोनेट उघडलं. कार्ब्युरेटर थेट हेडवर बसलेला दिसला आणि जीव भांड्यात पडला. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन! कोल्हापूर-सांगली भागात ही गोष्ट आता फार दुर्मीळ झाली आहे. डिझेल स्वस्त होतं तेव्हा पेट्रोल जीप पोसणं कोणालाच परवडत नव्हतं. वडापला (माणशी भाडं घेऊन प्रवासी वाहायला) लागलेल्या जीपगाड्यांना तर डिझेलशिवाय गत्यंतरच नव्हतं. कोणी मेटॅडोरचं इंजिन बसवलं, कोणी महिंद्राचंच डीआय, आणि काढलेली पेट्रोल इंजिनं किलोच्या भावाने गेली.

आताच्या मालकांना, म्हणजे थोरल्या मुलाला, विचारलं, तर म्हणाले, "डिझेल बसवा म्हणून लई जणांनी सांगितलं. पण आमच्या बापूंनी हात लावू दिला न्हाई. तुम्ही बी काढू नगासा." शब्द दिला. तसाही काढणार नव्हतो.

हे इंजिन का जपायचं ते इथेच लिहून ठेवतो. विलीज या जीप कंपनीने ही ३बी अमेरिकेत १९५३ मध्ये आणली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये खालचा ब्लॉक जवळपास तोच ठेवून इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालीच राहिले. हवा ओढायला मोठा व्हॉल्व्ह मिळाला, ताकद ६० हॉर्सपॉवरवरून सत्तरच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेटच उचललं. ३बीचा तो उंच कपाळाचा चेहरा असा आला. काही लोक तिला कुरूप म्हणतात. मला तर तीच आवडते, कारण तिच्या चेहऱ्यावर आतलं इंजिन दिसतं. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे ३बी आपल्याकडचीच होऊन गेली. अमेरिकेत ती बंद पडल्यावरही तिचं घराणं इथे कितीतरी दशकं चालत राहिलं. आज पाटे, ब्रेक, हबचे भाग अजून मिळतात ते त्यामुळेच.

२ डिसेंबर २०२३

आज फक्त कागद. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर, म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून माझ्या नावावर. विकणारे म्हणतात, "सह्या घेऊन ठेवा, बाकीचं बघू सावकाश." मी तसं करणार नाही. नोंदणीची मुदत संपलेली आहे, त्यामुळे गाडी तयार झाल्यावर फॉर्म २५ भरून नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर हे सगळं पुढे आहेच.

मित्राने व्हिंटेज नोंदणीचं सुचवलं. २०२१ च्या जुलैत केंद्राने नियम आणला, त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्याने नोंदणी करायची तर २० हजार रुपये शुल्क, नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. जीप घेऊन मला शेतावर जायचं आहे, बाजार करायचा आहे. मी साधं नूतनीकरणच करणार आणि तीन अक्षरांचा जुना नंबर तसाच ठेवणार.

१७ डिसेंबर २०२३

जीप टेम्पोतून घरी आली. टब, म्हणजे वरची पत्र्याची बॉडी, चॅसिसवरून उतरवला. पाच-सहा जणांनी हातांवर उचलला, क्रेन लागली नाही. फ्लॅट फेंडरच्या (सपाट मडगार्डांच्या) जीपचं हेच सुख आहे.

सोडताना प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. ज्याचा बोल्ट त्याच्याच भोकात हलका फिरवून ठेवता आला तर त्याहून उत्तम. इंची आटे आहेत, बाजारातला मिलिमीटरचा बोल्ट दाबून बसवला की भोकच खराब होतं.

गंज अपेक्षेप्रमाणे. पायाखालचा पत्रा, फरशीखालच्या आडव्या चॅनेल आणि मागच्या चाकांवरच्या पेट्यांचे कोपरे. गगनबावड्याच्या पावसात गाडी टिकली याचंच नवल. चॅसिसला पुढच्या पाट्याच्या हँगरजवळ एक बारीक चीर सापडली, रंगाखाली लपलेली. रॉकेलने पुसून वर खडू फासला की चिरेची ओली रेघ उमटते. चिरेच्या टोकाला भोक पाडून, खाच मारून वेल्डिंग करायचं, वरून पट्टी ठोकायची नाही. जुन्या चॅसिसवर ठिकठिकाणी जाड पट्ट्या मारल्या की ताण शेजारच्या जागी सरकतो आणि पुढची चीर तिथे पडते.

१४ जानेवारी २०२४

इंजिन. या कामाबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं होतं.

हेड उतरवताना एक बोल्ट वरून दिसतच नाही. कार्ब्युरेटर काढल्यावर हेडमधल्या हवेच्या वाटेत वाकून बघितलं की तो आत दडलेला सापडतो. हरिकेनमध्ये इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नाही, हेडच्याच ओतकामात आहे, म्हणून ही व्यवस्था. बाकीचे बोल्ट काढून कोणी पहारीने हेड उचकटायला गेला तर तडा ठरलेला, आणि हे हेड आता सहज मिळत नाही. आमच्या मिस्त्रीमामांनी तर आल्याआल्या टॉर्च मारून आधी तोच बोल्ट दाखवला. त्यांनी तरुणपणी सरकारी खात्यांच्या जीपगाड्यांवर काम केलंय.

ब्लॉक घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात शेतीपंपाची ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासूनची लेथ आणि बोअरिंगची परंपरा इथे आहे. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंचाला आठवा भाग कमी, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. स्ट्रोक (पिस्टनची चाल) १११ मिलिमीटरच्या वर. बोअर लहान, स्ट्रोक लांब, म्हणून हे इंजिन पळत नाही पण कमी फेऱ्यांवर ओढतं. लेथवाल्या काकांनी बोअर गेज आत फिरवला, वर, मध्ये, खाली, मग आडवा धरून पुन्हा तसंच. चार सिलिंडरचे मिळून कागदावर चोवीस आकडे लिहिले आणि माझ्यापुढे सरकवले. आधीच ४० थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज झालेलं, त्यावर घासलेलं. आता आणखी कापायला जागा नाही.

"स्लीव्ह मारू या," काका म्हणाले, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी बसवायची. "नवा ब्लॉक शोधत फिरू नका. हा ओतीव लोखंडाचा ब्लॉक इतकी वर्षं तापून-थंड होऊन स्थिरावलाय. असा नवीन मिळायचा नाही."

जुन्या गाडीत जमेल तिथे जुनाच भाग दुरुस्त करून वापरावा, असं माझं ठाम मत आहे. क्रँक दहा थाउ ग्राइंड करून बेअरिंग अंडरसाइज. कॅमशाफ्ट मोजून तसाच ठेवला. रॉकर शाफ्टला खाचा पडल्या होत्या, तो मात्र बदलला. टायमिंगला इथे साखळी नाही, गिअरला गिअर, खुणा समोरासमोर आणून बसवायचे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट पार खड्ड्यात गेल्या होत्या. शिशाचं पेट्रोल देशात २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झालं. शिसं सीटवर थर धरायचं आणि व्हॉल्व्हचा मार झेलायचं, तो आधार गेला. म्हणून कडक धातूच्या सीट रिंग दाबून बसवल्या, कटरने कोन मारला, मग लॅपिंग पेस्ट लावून एकेक व्हॉल्व्ह हाताने घासला. राखाडी रंगाची अखंड, सारख्या रुंदीची रेघ सीटवर उमटेपर्यंत घासायचं. रेघ कुठे तुटली तर गॅस तिथून निसटणार. पेट्रोल ओतून रात्रभर ठेवून बघितलं, एकाही व्हॉल्व्हखाली ओल आली नाही.

२५ फेब्रुवारी २०२४

इंजिन जोडून झालं. टॅपेटची फट थंड इंजिनावर: इनलेट १८ थाउ, एक्झॉस्ट १६ थाउ. इनलेटचे वर रॉकरवर, सरळ काम. एक्झॉस्टचे मात्र ब्लॉकच्या कुशीत, मॅनिफोल्डखालच्या झाकणाआड. दोन पातळ पाने लागतात, एकाने टॅपेट धरायचा, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा आणि तिसऱ्या हाताचं फिलर गेज. मामांनी मुद्दाम घासून पातळ केलेले आपले जुने पाने आणले होते. काम झाल्यावर ते माझ्याकडेच ठेवून गेले.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ६५ फूट-पौंडाला. हवेच्या वाटेतला बोल्टही त्याच क्रमात.

१७ मार्च २०२४

पुढचा अॅक्सल. किंग पिनची बेअरिंग गेली होती, चाक वर-खाली धरून हलवलं की नकल (चाक वळवणारा सांधा) डुलायचं. जुन्या जीपच्या मालकांना पुढचं चाक थरथरण्याचा रोग माहीत आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग हातातून सुटायला बघतं आणि लोक स्टिअरिंग बॉक्स बदलत बसतात. मूळ बहुतेकदा इथे, नाहीतर पाट्यांच्या बुशात असतं. नवी बेअरिंग घालून वर-खाली कांद्याच्या सालीइतके पातळ शिम लावायचे आणि नकल फिरवायला किती जोर लागतो ते स्प्रिंग काट्याने मोजायचं. शिम कमी-जास्त करत दुपार गेली, पण दोन्ही बाजू सारख्या आल्या.

ब्रेकच्या बाबतीत जुनं जपण्याची भावना मी बाजूला ठेवतो. चारही ड्रम, सर्किट एकच. म्हणजे कुठलाही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून सगळे पाइप, होज, व्हील सिलिंडर नवीन, मास्टर सिलिंडर नवीन. लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवले. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर आहे, त्याचा पट्टाही बदलला. घाटात तोच शेवटचा सोबती.

२१ एप्रिल २०२४

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस. तीन गिअर, पहिल्याला सिंक्रो (गिअर खरखर न करता बसवणारी रिंग) नाही. बाकीच्या दोघांचे सिंक्रो रिंग, बेअरिंग आणि सील बदलले. ट्रान्सफर केसमध्येही साखळी नाही, सगळे गिअरच. मधल्या शाफ्टवर खाच पडली होती, तीच या केसची नेहमीची दुखरी जागा. शाफ्ट आणि सुया बेअरिंग नवीन घातले, गिअर जुनेच.

डिफरन्शियलचे दात मोजले: क्राउन ४३, पिनियन ८. म्हणजे ५.३८. पहिला गिअर २.८०, लो रेंज २.४६. गुणाकार केला तर इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. सत्तर हॉर्सपॉवरची ही गाडी चिखलात काय करू शकते त्याचं सगळं उत्तर त्या ३७ मध्ये आहे. आजच्या दणकट इंजिनांच्या गाड्या पाहून जुन्या जीपला कमी लेखणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा.

ऑइल ९० नंबरचं, पण जीएल-४. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना खातात. आणि इथे मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नाही. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, तो पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकते.

१९ मे २०२४

पत्रा. कुजलेला भाग कापून तेवढाच नवा तुकडा जोडला. हरियाणात डबवालीला अख्खी बॉडी नव्या पत्र्यात बांधून मिळते, काम वेगाने होतं आणि दिसतंही छान. ज्यांची बॉडी उरलेलीच नाही त्यांनी ते जरूर करावं. माझ्या जीपचा टब वाचण्याजोगा होता. डाव्या फेंडरला एक जुना पोचा आहे. पेंटरने विचारलं, "साहेब, पुट्टी भरून सपाट करू काय?" नको म्हटलं. पत्रा मागून ठोकून जेवढा येतो तेवढा आणला, राहिला तो राहू दे. पुट्टीचा जाड थर उन्हा-पावसात सुटतो आणि त्याखाली पाणी धरून राहतं.

रंगाचा प्रश्न दोन महिने चालला. मित्रांचा आग्रह लष्करी हिरव्याचा, बोनेटवर पांढरा तारा. मला ते पटत नाही. युद्धातल्या विलीजच्या जाळीला नऊ खाचा, हिच्या जाळीला सात. ही महायुद्धानंतर जन्मलेली, गगनबावड्याच्या पावसात दूध, खतं, पेशंट आणि वऱ्हाडं वाहिलेली नागरी गाडी आहे. तिला दुसऱ्याचा गणवेश घालणं म्हणजे तिचं स्वतःचं आयुष्य पुसणं. मीटर पॅनेलच्या मागे ऊन न लागलेल्या जागी पॉलिश पेपर घासला तेव्हा दोन थरांखाली फिकट राखाडी निळा निघाला. तोच मिसळून घेतला.

९ जून २०२४

मृग लागला. रंग थांबवला. दमट हवेत रंगावर धुरकट पांढरी झाक येते. टब रेड ऑक्साइडवर झाकून ठेवला. चॅसिस मात्र रंगून चाकांवर उभी आहे.

२५ ऑगस्ट २०२४

वायरिंग नवीन, बारा व्होल्टचं, कापडी वेष्टणाचं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवणं सोपं होतं, तरी डायनॅमोच दुरुस्त केला. आर्मेचरचा कम्युटेटर लेथवर हलका कापला, पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने खाली घेतला, कार्बन बदलले, कटआउटचे पॉइंट साफ केले. दोन दिवे आणि इग्निशन एवढ्याला तो पुरतो. जास्त दिवे लावायचा हव्यास धरला तरच कमी पडतो.

पेट्रोलच्या वाटेवर जास्त वेळ दिला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. पंपातला डायफ्राम, कार्ब्युरेटरचे वॉशर, रबरी होज हे सगळं त्या पेट्रोलच्या आधीच्या जमान्यातलं. इथेनॉल सोसणारे होज आणि डायफ्राम शोधून घातले. सीटखालची टाकी आतून साफ करून घेतली, कारण नवं पेट्रोल टाकीतला जुना साका सोडवून पुढे ढकलतं. टाकीनंतर काचेच्या वाटीचा फिल्टर ठेवला, म्हणजे काय येतंय ते डोळ्यांनी दिसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये, भरून ठेवावी किंवा रिकामी करावी.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी हत्यारांची पूजा झाली आणि दुपारी इंजिन सुरू केलं. आधी प्लग काढून हँडल मारत राहिलो, ऑइलच्या काट्याने प्रेशर दाखवेपर्यंत. मग प्लग, पॉइंट २० थाउ, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर येण्याच्या) पाच अंश आधी. मामा म्हणाले, "आता तुम्हीच मारा हँडल." अंगठा मुठीच्या बाहेर ठेवून मारलं, उलटा झटका आला तर अंगठा जातो म्हणून. थोडा धूर, मग आवाज स्थिर. हरिकेनचा आवाज डिझेलसारखा आदळत नाही, खालच्या पट्टीत घुमतो. वीस मिनिटं वेगावर ठेवून बंद केलं, थंड झाल्यावर हेड पुन्हा टाइट.

१७ नोव्हेंबर २०२४

रंग, हूड, सीट झालं. आरटीओ तपासणीत ब्रेक, दिवे, हॉर्न, चॅसिस नंबर बघितला. इन्स्पेक्टरांनी बोनेट उघडायला लावलं, ते मात्र तपासणीसाठी नव्हतं, इंजिन बघायची त्यांनाच हौस होती. नूतनीकरण पाच वर्षांचं.

१५ डिसेंबर २०२४

आज लांबची चाचणी. कोल्हापूरहून गगनबावडा, तिथून भुईबावडा घाट उतरून पुन्हा वर. ताशी ५५-६० वर गाडी खूश असते, त्यापुढे ५.३८ चा अॅक्सल इंजिनाला दमवतो. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकला फक्त वळणापुरता पाय. चढताना तापमानाचा काटा वर सरकला पण तांबड्याला लागला नाही.

परतताना वाडीवर थांबलो. मालकांनी बोनेट उघडून आधी इंजिन बघितलं, मग म्हणाले, "वैनी, इकडं या, बापूंची गाडी आलीया." मग शेतातून वरच्या टेकडीपर्यंत लो रेंजमध्ये गेलो, त्यांच्याच जुन्या गाडीवाटेने. मसाई पठारावर या, असा दोन ग्रुपांचा निरोप आहे, पण तिकडे गाडी घालणार नाही. सड्यावरच्या कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, पावसाळ्यातली सगळी फुलं त्याच्यावर येतात, आणि एका चाकोरीने तो थर वर्षानुवर्षांसाठी जातो. शेताच्या, नदीच्या वाटा काय कमी आहेत?

राहिलेली कामं: क्रँकच्या मागच्या दोरी सीलमधून थेंब थेंब ऑइल येतंय. दोरी भिजून बसायला वेळ देतो, हजार किलोमीटरनंतरही थांबलं नाही तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवायचा. डाव्या वायपरची मोटर ढिली. मागच्या डाव्या शॅकलचं बुश चिरकतंय, ग्रीस घालून बघायचं. टॅपेट पाचशे किलोमीटरला पुन्हा तपासायचे, त्या दिवशी मामांना बोलवायचं.